खिशातली बडीशेप

शेवटच्या साध्या दिवशी आप्पांनी आईच्या सगळ्या सुयांत दोरा ओवून ठेवला. हर्षदा शाळेसाठी निघाली तेव्हा ते ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसले होते. मांडीवर गोधडीचा कोपरा आणि ओठांत दोऱ्याचं टोक. दोरा जिभेने ओला करायचा, चिमटीत चपटा करायचा आणि मग दोऱ्याकडे सुई न्यायची, सुईकडे दोरा नाही, ही त्यांची पद्धत. आईला जवळचं दिसेनासं झाल्यापासून हे काम त्यांच्याकडे आलं होतं. मागावरच्या हजारो तारांतली तुटलेली एक तार शोधणारी त्यांची नजर साठीनंतरही शाबूत होती. "इतक्या सुया कशाला एकदम?" चपला घालता घालता तिने विचारलं. "तुझ्या आईला दर वेळी हाक मारावी लागते," आप्पा म्हणाले, "आणि मला हाक मारायची वेळ आली की तिला राग येतो. तिचा तिलाच." आतून आईचा आवाज आला, "ऐकू येतंय मला." "तेच म्हणतोय, ऐकू येतं, दिसत नाही," असं म्हणून ते आपल्याच बोलण्यावर खांदे हलवत, आवाज न करता हसले. हर्षदाही हसली असावी. नक्की आठवत नाही. घाई होती. शनिवारची सकाळची शाळा होती आणि लिंबायतच्या गरनाळ्यात, रेल्वेखालच्या बोगद्यात, रिक्षा अडकल्या की महापालिकेच्या शाळेची घंटा शिक्षिकेसाठी थांबत नाही.

दुपारी ती परतली तेव्हा तिच्या पिशवीत पोंकाचा पुडा होता. अडाजणला राहणाऱ्या एका सहशिक्षिकेने सगळ्यांसाठी आणला होता. कोवळ्या ज्वारीचे हिरवे, ओलसर दाणे, सोबत लिंबू-मिऱ्याची शेव. शेव तिने रिक्षातच बाजूला काढली, कारण आप्पांना तिखट आणि टोकदार असं काही चालत नव्हतं. आप्पांनी पुडा उघडून नाकाशी नेला. "हुरडाच हा. सुरतेत येऊन पोंक झाला. माझ्यासारखा." मग त्यांनी तो स्वतः खलबत्त्यात ठेचला, ताकात कालवला आणि चमच्या-चमच्याने, प्रत्येक घासानंतर थोडं थांबत खाल्ला. घास उतरायची वाट बघताना ते डोळे मिटत नसत, समोरच्या भिंतीकडे बघत. घरात कुणी बोलत असेल तर तेवढ्या वेळात बोलणारं माणूस आपोआप थांबायचं. दीड वर्षापासून या घरात जेवणाला असा एक वेग आला होता, बैलगाडीचा म्हणावा तसा, आणि हर्षदाला तो आवडायला लागला होता. बाहेर सगळी गल्ली खटखटत असायची, शेजारच्या माळ्यावर माग चालू असायचे, आणि आत तीन माणसं एका घासाची वाट बघत गप्प बसलेली. खाऊन झाल्यावर आप्पांनी रोजचं विचारलं, "आज काय शिकाडं?" तिने सांगितलं की सातवीला पृथ्वीचे थर शिकवले. "कितीक खोल खणलंय माणसाने?" तिने सांगितलं, फार नाही, फळाच्या सालीइतकंच. "मग आतलं कसं कळलं?" "हादऱ्यांवरून," ती म्हणाली. आप्पांनी मान हलवली. तो विचार त्यांना पटला होता, आणि पटलेला विचार ते संध्याकाळभर तोंडात लवंग धरावी तसा धरून ठेवत.

नंतरचे महिने ती त्या दिवसाकडे पुन्हा पुन्हा जात राहिली, काही सापडतंय का बघायला नाही, नुसती बसायला. पुस्तकांत तिने मरणाआधीच्या दिवसांबद्दल पुष्कळ वाचलं होतं. त्या दिवसांत कुठेतरी एक खूण असते, पक्षी येतो, आरसा पडतो. इथे काहीच नव्हतं. पोंक होता, ताक होतं, सुया होत्या. आणि हे काही नसणंच आपल्या वाट्याला आलेलं मोठं दान आहे असं तिला हळूहळू वाटायला लागलं. कारण या घरात एकेकाळी साधा दिवस नावाची गोष्टच नव्हती.

तेव्हा संध्याकाळ म्हणजे कान, दाराबाहेरच्या पावलांकडे लागलेले. ती चौथीत असेल. आप्पा पाळी संपवून कारखान्यातून निघाले की मधल्या वाटेत रुळांच्या पलीकडे दारूची पोटली मिळायची. गुजरातेत दारूबंदी आहे हे तिला नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून कळलं, तोपर्यंत तिला वाटत होतं की दारू प्लास्टिकच्या पिशवीतच येते, दुधासारखी. सुट्टीच्या दिवशी ते आणि धाकटे वाल्मिककाका पॅसेंजरने हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या नवापूरला जात. 'कामानिमित्त' असं आईला सांगत, आणि आई तो शब्द दिवसभर भांड्यांवर आपटत राही. एकदा ते घरीच प्यायला बसले होते. पहिल्या घोटाला आप्पांचा चेहरा सुरकुतला, गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली, आणि छातीवर मधोमध त्यांनी तळहात दाबून धरला. तिला वाटलं औषध आहे. इतकं कडू आणि जळजळीत काहीतरी माणूस औषध म्हणूनच घेणार. तिने धावत जाऊन साखर आणून दिली होती. आप्पांनी ती चिमूट तोंडात टाकली आणि तिच्याकडे असं बघितलं की तिला आपलं काहीतरी चुकलं असं वाटलं. मग बरीच वर्षं आंबट ढेकरा, उशाला दोन-दोन उशा, पहाटे ओट्यावरचं ओकणं, सोड्याच्या पुड्या. छातीत जळतं म्हणून सोडा, आणि सोड्याने बरं वाटलं म्हणून पुन्हा पोटली. भाकरी छातीत अडकते असं ते म्हणायला लागले तेव्हा आई म्हणाली होती, "भाकरीच अडकते बरी. बाकीचं बरं सरळ जातं."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात बडीशेप असे. वासासाठी. पोलिसाला वास आला तर हात ओला करावा लागे, घरच्यांना आला तर त्याला उतारा नव्हता, तरी ते बडीशेप चघळत यायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार मूठभर वरियाळी कागदात न बांधता सरळ खिशात ओतायचा. आईने त्यांचे कपडे धुणं रागाने कधीच सोडून दिलं होतं. ते काम हर्षदाकडे आलं, शाळकरी वयापासून. खिसे उलटे करून झटकले तरी शिवणीत दाणे राहायचेच, आणि सदरे भिजत घातले की ते फुगून बालदीत वर यायचे. हिरवट, मऊ, तरंगणारे. ती ते चिमटीने वेचून मोरीत टाकायची. आजही कुठल्या हॉटेलात बिलासोबत बडीशेपेची वाटी आली की तिची बोटं ओली झाल्यासारखी होतात.

आणि मग एका रविवारी दाणे वर आले नाहीत. ती तेव्हा बी.एड. करत होती. तिने बालदीत हात घालून पाणी ढवळलं. वाटलं, खिसा फाटला असेल. खिसा शाबूत होता. पुढच्या रविवारी पुन्हा नाहीत. तिने सदरा कोरडा असतानाच उलटा करून शिवण उसवल्यासारखी तपासली. तिथे फक्त मागावरचं कापसासारखं गुंतवळ होतं. ती मोरीपाशी उकिडवी बसून राहिली. नळ वाहत होता. आई ओरडली, "पाणी फुकट येतं का?" तिने नळ बंद केला आणि कुणालाही काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे तिने स्वतःला बऱ्याचदा विचारलं होतं, आणि उत्तर नेहमी एकच आलं. आप्पांनी त्याआधी दोनदा दारू सोडली होती. दोन्ही वेळा गाजावाजा करून. एकदा सप्तशृंगीच्या पायरीवर नारळ फोडून, एकदा साऱ्या गल्लीला पेढे वाटून. दोन्ही वेळा महिना पुरा व्हायच्या आत रुळांपलीकडची वाट पुन्हा सुरू झाली, आणि पेढे खाल्लेल्या लोकांनी पुढे वर्षभर त्या पेढ्यांची चव सांगितली. या वेळी त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. शपथ नाही, देव नाही. म्हणून तिनेही काही बोलायचं नाही असं ठरवलं. नवा दिवा लावल्यावर ज्योत स्थिर होईपर्यंत माणूस श्वास धरतो, तसं. पण श्वास धरायची सवय लागली. महिने गेले, वर्षं गेली, ज्योत कधीचीच स्थिर झाली होती, आणि आता एवढ्या वर्षांनी काय म्हणून बोलायचं? बापाला, मी तुमचे खिसे बघते, असं सांगायचं? त्यांच्या घरात आभार मानायची रीतच नव्हती. आभार परक्याचे. आईला तर त्यांनी सोडलीय हे पटलंच नाही. "सोसत नाही आता, म्हणून कमी झाली असेल," ती म्हणायची. वाल्मिककाका म्हणायचे, "दादा हुशार झाला, एकटा घेतो." बमरोलीच्या डाईंगमध्ये रंग ढवळून ढवळून काकांची नखं कायमची निळी झाली होती, आणि दादाशिवाय नवापूरला जायला त्यांना करमत नसे.

अशी बारा वर्षं. लोकांना वडील जन्मापासून मिळतात, म्हणून ते त्यांच्या लक्षात येत नाहीत. हर्षदाला ते बाविसाव्या वर्षी मिळाले, डोळे उघडे असताना. तिने प्रत्येक संध्याकाळ पाहिली. शाळेतून परतताना तिची पावलं घराकडे भरभर पडत, आणि ही गोष्ट एका वयानंतर तिला रस्त्यातच आठवून नवल वाटे: आपण घरी जायला उत्सुक आहोत. आप्पा तिच्या आधी आलेले असत. चहा स्वतः करत, तिच्या कपात आलं जास्त. "आज काय शिकाडं?" हा चौथी शिकलेला माणूस असं विचारत गेला आणि बारा वर्षांत भूगोल, व्याकरण, पानिपत, पचनसंस्था, सगळं ऐकून बसला. पचनसंस्थेच्या दिवशी तिने हाताने दाखवलं होतं, घशापासून जठरापर्यंत ही एवढी नळी, अन्ननलिका, साधारण वीतभर लांब. "म्हणजे धोट्याएवढी," आप्पा म्हणाले. मागावर आडवा दोरा घेऊन धावणाऱ्या धोट्यात आतून कांडी असते, आणि कांडीवरचा दोरा धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचा तर भोकाला ओठ लावून तो श्वासाने ओढून घ्यावा लागतो. जुन्या मागांवर सगळे तसंच करत. दिवसातून शेकडो वेळा. आप्पांच्या खालच्या ओठावर त्याचा एक बारीक, कायमचा घट्टा होता. लहानपणी तिला वाटायचं सगळ्यांच्या वडिलांना असतो.

दीड वर्षापूर्वी त्यांना थकवा यायला लागला. जिने चढवेनात, शौचाला डांबरासारखं काळं झालं. तेव्हा दुर्बिणीतून तपासणी केली. डॉक्टर तरुण होते, गुजराती, पण मराठी शाळेतल्या बाईंशी अदबीने हिंदीत बोलले. यकृत जुन्या दारूने कडक झालंय. त्यातून रक्ताला नेहमीची वाट मिळत नाही, म्हणून ते आडवाटा शोधतं. अन्ननलिकेच्या तळाशी बारीक शिरा असतात, त्या एवढ्या रक्तासाठी केलेल्या नसतात. त्या फुगतात. दुखत नाहीत, म्हणून कळत नाही. हर्षदाला मेट्रोच्या खोदकामाने बंद झालेला रस्ता दिसला, आणि लिंबायतच्या बोळांत घुसलेल्या रिक्षा, टेम्पो, ताग्यांच्या हातगाड्या, भिंतींना घासत चाललेल्या. "लेकिन इन्होंने तो कब की छोड़ दी," ती म्हणाली. म्हणजे तिला म्हणायचं होतं. प्रत्यक्षात तिने विचारलं, "छोड़ने के बाद भी होता है?" डॉक्टर म्हणाले, होतं. बिघडलेलं सगळं परत सुधारत नाही. पण सोडली नसती, तर हे मागची दहा वर्षं बघायला राहिलेच नसते, आणि मी आता बांधतोय ते बांधायलाही काही उरलं नसतं. ते वाक्य तिने घडी घालून ठेवल्यासारखं जपलं. दहा वर्षं बघायला राहिलेच नसते. म्हणजे त्या चहाच्या संध्याकाळी कुणाच्या तरी हातून आल्या होत्या. आयत्या नव्हत्या.

फुगलेल्या शिरांना आतून रबराची कडी बसवली. बाहेर आणल्यावर, घसा बधिर असतानाही आप्पा पुटपुटले, "भाजीच्या जुडीला लावतात तसं रबर लावलं मला." मग थोड्या वेळाने, छताकडे बघत: "आयुष्यभर मी धोट्यातून दोरा ओढला. आज त्यांनी माझ्यात सोडला." आई चहा आणायला गेली होती. खोलीत दोघंच होती. तेव्हा त्यांनी ते सांगितलं, न विचारता, उतारावरचं पाणी सरकावं तसं. एकदा सकाळच्या पाळीला धोटा तोंडाला लावून दोरा ओढताना खोकला आला. धोटा पुसला आणि लावला मागाला. पांढरं कापड चाललं होतं. चार बोटं विणून झाल्यावर बघतो तर कापडात लाल टिकली. मास्तरने विचारलं, हे काय? मी म्हटलं, तेल असेल. "तेल लाल असतं का?" आप्पांनी छतालाच विचारलं. "त्या दिवशी रुळापलीकडे गेलो नाही. मग दुसऱ्या दिवशीही गेलो नाही." एवढंच. त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. लहानपणी साखर आणली तेव्हा बघितलं होतं तसं नाही, उलट. आता त्यांनी काहीतरी आणलं होतं, चिमूटभर, आणि ते घ्यायचं होतं. हर्षदाने त्यांच्या अंगावरची चादर छातीपर्यंत ओढली, कडा नीट दुमडल्या. "झोपा थोडं," ती म्हणाली. तिला वाटलं, चादरीतून कळलं असेल. बहुतेक कळलंही असेल. त्या घरात सगळं असंच कळत आलं होतं.

पोंकाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, ते ओट्यावर चूळ भरत होते. "हर्षू, जरा बालदी आण," त्यांनी हाक मारली, अगदी साध्या आवाजात, कपडे भिजवायला मागावी तशी. ती कपडे भिजवायची बालदी घेऊनच बाहेर आली. पुढचं सगळं लाल होतं, आणि त्याबद्दल ती विचार करत नाही. आईने गोधडी टाकून त्यांना मागून धरलं एवढं तिने पाहिलं, कित्येक वर्षांनी धरलं होतं. इस्पितळाच्या दारात डॉक्टर नवे होते, अगदी पोरसवदा, आणि त्यांनी स्ट्रेचरबरोबर धावतच विचारलं, "दारू कब से बंद है?" वाल्मिककाका पाठोपाठ आले होते. भावाचं रक्त त्यांच्या बनियनला लागलं होतं आणि ते रडतच म्हणाले, "बंद कहाँ साहेब, कभी बंद हुई?" आप्पांनी डोळे उघडले. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, डॉक्टरांकडे नाही. हर्षदाकडे पाहिलं. तिच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, बारा वर्षं तयारच होतं. तिने तोंड उघडलं आणि स्ट्रेचर आत गेलं, झुलती दारं दोनदा आत-बाहेर झाली आणि थांबली. दुपारी त्यांनी आप्पांना बाहेर दिलं तेव्हा त्यांचा गळा स्वच्छ पुसलेला होता.

भेटायला येणारे लोक वाईट बोलले नाहीत. माणूस गेल्यावर वाईट बोलत नाहीत. ते फक्त म्हणाले, "शेवटी दारूनेच नेलं." हर्षदा चहाचे कप गोळा करत ऐकायची. ते खरं होतं. पण खाली पडलेली सुई जमिनीवर राहून जावी तसं काहीतरी त्या खऱ्यात राहून गेलं होतं. ते आपल्यालाच दिसतंय आणि आपण नाही उचललं तर कुणाच्या तरी पायात जाईल, असं तिला वाटे.

मग आखाजी आली, अक्षय्य तृतीया. खानदेशात ही पितरांची. मातीची घागर भरायची, तिच्या तोंडावर लहान मडकं, त्यावर आंबा, आणि चुलीतले निखारे काढून त्यावर गेलेल्यांची नावं घेत घास टाकायचे, ती आगारी. आगारीच्या धुरातून पितर जेवतात. धुळ्याकडचं गाव सुटून चाळीस वर्षं झाली तरी लिंबायतच्या प्रत्येक खोलीत त्या दिवशी निखारे असतात आणि सगळ्या गल्लीत पुरणाचा आणि जळलेल्या तुपाचा वास भरून राहतो. यंदा आप्पांची पहिलीच आगारी. यंदा त्यांचं नाव घेतलं की ते पितरांच्या ओळीत बसणार, आणि पुढे दर आखाजीला जे यंदा मिळालं तेच त्यांना मिळत राहणार, अशी समजूत. मुलगा नव्हता म्हणून घास टाकायला वाल्मिककाका आले, धुतलेलं धोतर नेसून. सकाळी आईने आप्पांचे सदरे बाहेर काढले होते. पितर म्हणून जेवायला बोलावलेल्या गल्लीतल्या गणपतबाबांना द्यायला एक चांगला निवडायचा होता. "खिसे बघून घे," आई सवयीने म्हणाली. हर्षदाने एकेक खिसा उलटा केला. काही नव्हतं. पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा निघाला, टोकाला गाठ असलेला. तो तिने पदराच्या टोकात बांधून ठेवला.

निखारे फुलले. काकांनी पाण्याची धार भोवती फिरवली, आजोबांचं नाव घेऊन घास टाकला, आजीचं घेतलं. तूप चर्र झालं. मग त्यांनी धोतराच्या कमरेतून काहीतरी काढलं. प्लास्टिकची पोटली, कोपऱ्यात गाठ मारलेली. दारूबंदीच्या शहरात ती त्यांनी बमरोलीहून कमरेला बांधून, बसमध्ये उभ्याने आणली होती. गणपतबाबांनी नजर दुसरीकडे वळवली. आईही भिंतीकडे बघायला लागली.

"काका, हे काय?"

"एक थेंब, बेटा. रिवाज आहे. ज्याला जे आवडायचं ते." त्यांचा निळ्या नखांचा अंगठा गाठीवर होता. "दादा जन्मभर घेत आला. बाकी ताट कितीही भरलं तरी त्याच्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. तहानेला जाईल तो. मला येतो की रोज सपनात."

"काय म्हणतात सपनात?"

काका गडबडले. "काही म्हणत नाही. नुसता बघतो."

हर्षदाने निखाऱ्यांकडे पाहिलं. दारू पडली की भडका होईल, निळा, एका क्षणाचा, आणि सगळे म्हणतील, घेतली, पोचली. तो भडका आतून कसा वर येतो ते तिला दिसत होतं. छातीवर मधोमध दाबून धरलेला तळहात, वर जाऊन खाली येणारी घाटी, वीतभराची ती नळी. काका दुष्ट नव्हते. आपल्याकडे होतं ते ते भावासाठी लपवून, जपून घेऊन आले होते. तसं पाहिलं तर तिनेही तेच केलं होतं, बारा वर्षं. तिने काकांच्या हातावर हात ठेवला, गाठीसकट, आणि तो हलकेच निखाऱ्यांपासून लांब नेला. "वहिनी, सांगा हिला," काका म्हणाले. आई भिंतीकडेच बघत म्हणाली, "करू दे तिला."

हर्षदाने आंबरसाच्या वाटीत पुरणपोळीचा तुकडा कुस्करला. अगदी बारीक, गुठळी राहू न देता, दीड वर्ष करत आली तसा. निखाऱ्यांपुढे ती गुडघ्यांवर बसली. बायका आगारी टाकत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी कुणी तिला अडवलं नाही. शेजारच्या माळ्यावरचे माग सणामुळे बंद होते. गल्ली इतकी शांत तिने कधी ऐकली नव्हती.  तिचा आवाज निघाला, आणि तो वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा आवाज होता.

"आप्पा, तुम्ही सोडली होती. बारा वर्षं एक थेंब घेतला नाही. मला पहिल्याच रविवारी कळलं होतं, तुमच्या खिशात बडीशेप नव्हती. मी बोलले नाही, कारण बोलले तर मोडेल अशी भीती वाटायची. आता बोलते, सगळ्यांसमोर. तुम्ही होता म्हणून मला संध्याकाळी घरी यावंसं वाटायचं. फार सुखात ठेवलंत तुम्ही मला. आप्पा, जेवाले या. रस केलाय, पोळी बारीक कुस्करलीय." तिने घास निखाऱ्यावर ठेवला आणि धूर सरळ वर जाईपर्यंत, भिंतीकडे बघत, ती थांबली. "सावकाश होऊ द्या."